पोराला कळायच्या आत

फळीवाल्या काकांच्या सलूनमध्ये रडत गेलेलं पोर हसत बाहेर येतं, असं त्या रस्त्यावरच्या सगळ्या आया एकमेकींना सांगायच्या, आणि काकांच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं सांगायच्या. काकांना ते आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, माणूस त्याच्यावरच जगत होता!

नाव पडलं ते फळीवरून. मोठ्यांच्या खुर्चीत लहान पोर बसवलं की ते बुडूनच जातं, आरशात डोकंसुद्धा दिसत नाही. म्हणून खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक गुळगुळीत फळी आडवी टाकायची आणि पोराला तिच्यावर बसवायचं. आता फळी काय, सगळ्याच सलूनमध्ये असते. पण फळीवर बसल्यावर पुढे जे व्हायचं ते फक्त इथे. पोरानं भोकाड पसरायला तोंड उघडलं की काका डावीकडून कोंबड्यासारखे आरवायचे. पोर चमकून डावीकडे बघायचं, तेवढ्यात उजवा कान मोकळा. मग उजवीकडून गाढव ओरडायचं, की डावा कान मोकळा. मशीन सुरू करायच्या आधी काका स्वतःच भुंग्यासारखे गुंगुं करायला लागायचे, त्यामुळे खरा आवाज कुठला आणि काकांचा कुठला हे पोराला समजायचंच नाही. ते शोधण्यात ते गुंग, तोवर मान साफ, अंगावरचा कपडा झटकलेला, आणि आईचा जीव भांड्यात. "पोराला कळायच्या आत झालं पाहिजे," काका गिऱ्हाइकांना ऐकवायचे. "त्याला कळलं की संपलं."

घरी गेल्यावर बायको विचारायची, "काय हो, आज किती वेळा आरवलात?"

"अकरा."

"आणि गाढव?"

"सात वेळा."

"बरं. आता माणसात या. जेवायला वाढते."

अशी चाळीस वर्षं गेली. मग सूनबाई दुकानात आली.

काकांचा मुलगा मालाचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून घरात बसून कंटाळली, वर्षभर जाऊन केस कापायचं रीतसर शिकून आली आणि म्हणाली, "बाबा, मागचा कोपरा मला द्या. पडदा लावते, बायका येतील." काकांनी हसत हसत दिला. बायकांचे केस त्यांना कधी जमले नव्हते, त्यामुळे त्यात जळण्यासारखं काही नव्हतं. एक स्टूल, एक आरसा, ओल्या टॉवेलांची एक बादली, एवढा सूनबाईचा संसार. "बिचारी," काका म्हणाले. बिचारी म्हणायला काय जातं?

पहिला दणका बसला तो एका रविवारी. पाच वर्षांचा एक मुलगा आला. आला म्हणजे आईनं काखेत मारून आणला. फळीवर ठेवल्या ठेवल्या त्यानं काकांच्या हनुवटीवर अशी लाथ मारली की दात वाजले. काका आरवले. काही नाही. गाढव झालं. काही नाही. भुंगा झाला, चाळीस वर्षांत लागला नव्हता तो बेडूकसुद्धा झाला. पोर लालबुंद, आई रडकुंडीला, काका घामाघूम, आणि बाकावरची चार गिऱ्हाइकं फुकटचा तमाशा बघत बसलेली.

तेव्हा पडदा सरकला. सूनबाई बाहेर आली, पोराला खाली उतरवून ठेवलं आणि त्याच्यापासून दोन हातांवर आपणही फरशीवरच बसली. काही बोलली नाही. त्याला हात लावला नाही. पोर किंचाळत होतं, ही बसलेली. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास घ्यायला तोंड मिटलं तेव्हा म्हणाली, "मशीनचा आवाज नको वाटतो ना? कानात घुसल्यासारखा?"

पोरानं मान हलवली.

"मग आज नकोच कापूया. नुसतं धरून बघ. बंद आहे."

आणि पोर पंधरा मिनिटं बंद मशीन हातात धरून बसलं आणि घरी गेलं. केस न कापता! फळीवाल्या काकांच्या दुकानातून! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"न कापता पाठवलंस त्याला?"

"उद्या येईल, बाबा."

"येईल! समोरच्याच्या दुकानात येईल!"

पण ते आलं. दुसऱ्या दिवशी आलं, तिसऱ्या दिवशी येऊन त्यानं मशीन आपल्या हातानं चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. चौथ्या दिवशी सूनबाईच्या स्टूलवर बसून त्यानं केस कापून घेतले. ठरलं होतं एकच. तो थांब म्हणाला की तिनं थांबायचं. तो अकरा वेळा थांब म्हणाला, ती अकरा वेळा थांबली. काका आपल्या खुर्चीमागे उभे राहून, समोरच्या गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळवत, मोजत होते.

पुढच्या महिन्यात तीच आई आली, काकांच्या खुर्चीवरून सरळ पुढे गेली आणि म्हणाली, "काका, वहिनी आहेत ना?"

तिथे लागलं. नुसता राग असता तर बरं होतं. राग काकांना ठाऊक होता, तो आला की हातातला वस्तरा खाली ठेवायचा एवढं त्यांच्या बापानं त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण हे वेगळंच होतं. हे सकाळी दुकानाचं शटर वर करताना पोटात असायचं आणि संध्याकाळी खाली ओढतानाही तिथेच असायचं. पडद्याआड कुणी पोर हसलं की काकांचा कान तिकडे. कुणी रडलं की काकांना बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की सूनबाईचा आणखी राग. साठीला आलेला माणूस, पण शेजारच्या पोराच्या हातात आपल्यापेक्षा मोठं फळ बघितल्यासारखा नुसता जळत होता.

मग टोमणे सुरू झाले. "एका डोक्याला चार दिवस! तुझ्या स्टूलवर पोरं म्हातारी होतील, सूनबाई."

ती हसून सोडून द्यायची. एक दिवस मात्र टॉवेल घडी करता करता म्हणाली, "बाबा, मी लहानपणी अशीच होते. माझा राग माझ्या अंगात मावायचा नाही. आई मला न्हाणीघरात कोंडायची. मी गप्प व्हायचे, आणि सगळे म्हणायचे, बघा, शांत झाली. शांत कुठली, घाबरायचे मी. राग कसा आवरायचा ते मला लग्न होईपर्यंत कळलं नाही."

काकांना वाईट वाटलं. पण जिच्यावर जळतो तिच्याबद्दल वाईट वाटणं फार अवघड जातं. ते "हूं" म्हणाले आणि कात्रीला तेल घालायला गेले.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. गिऱ्हाइकांची पोरं गेली तर गेली. पण पुढे गोष्ट घरात आली.

काकांच्या लेकीला एक मुलगी होती, सहा वर्षांची. लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, त्यामुळे शाळा सुटली की नात थेट दुकानात. तिला सगळे ठिणगी म्हणायचे, आणि ते लाडानं ठेवलेलं नाव नव्हतं, अनुभवानं ठेवलेलं होतं. पेन्सिलीचं टोक मोडलं, मोज्याची शिवण बोटाला लागली, कुणी तिच्या आधी पंखा लावला, एवढंच पुरायचं. मग अंग ताठ, डोळे फिरलेले, हाताला येईल ते भिरकावलेलं. शाळेतून दोन चिठ्ठ्या आल्या होत्या. लेक चिठ्ठी घेऊन आली की दुकानाच्या बाकावर बसायची आणि ती नुसती उघडायची, घडी करायची.

ठिणगी तान्ही होती तेव्हापासून काकांचा कोंबडा तिच्यावर हमखास चालायचा. दुनिया इकडची तिकडे होवो, आजोबा आरवले की पोरगी हसलीच. पाचवं सरलं आणि कोंबडा चालेनासा झाला. काका आरवले की ती कानावर हात ठेवून आणखी किंचाळायची. आणि डोक्याला तर कुणाला हात लावू देईना. कंगवा दिसला की सुरू. डाव्या कानामागे केसांचा असा गुंता झाला की गाठच झाली, लिंबाएवढी.

ती सूनबाईच्या पडद्याआड कधी जायला लागली ते काकांना कळलंही नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. सूनबाईनं तिला एक काम लावून दिलं होतं. वादळ यायला लागलं की बादलीतला ओला टॉवेल काढायचा आणि पिळायचा. शेवटचा थेंब पडेपर्यंत पिळायचा. एक झाला की दुसरा. पोरगी दात आवळून, पाय रोवून पिळायची, फरशीवर तळं व्हायचं, आणि चौथ्या-पाचव्या टॉवेलाला कधीतरी तिचे खांदे खाली यायचे. "किती राहिला?" सूनबाई विचारायची. ठिणगी दोन हातांत अंतर धरून दाखवायची, एवढा. मग आणखी एक टॉवेल. मग एवढा.

गाठीचंही तसंच. रोज थोडी. कंगव्याचे दोन दात, चार केस. थांब म्हटलं की थांबायचं. तीन महिन्यांत लिंबाची सुपारी झाली होती.

शाळेतल्या बाई एकदा रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "अहो, ती हल्ली राग आला की फळा पुसायचं फडकं मागते. नळावर जाते, पिळते, परत येऊन बसते. कुणी शिकवलं हो?" लेक कौतुकानं म्हणाली, "आमच्या वहिनीनं." काका शेजारीच उभे होते. हे ऐकून माणसाला आनंद व्हायला हवा की नको? नातीला शाळेत बसता येत होतं, लेक पुन्हा हसत होती. काकांना आनंद झाला, नाही असं नाही. पण त्या आनंदाला खाली असा एक काटा होता की ते रात्री जेवले नाहीत.

"बरं नाही का?" बायकोनं विचारलं.

"माझी नात आहे ती."

"मग मी कुठे म्हणते शेजाऱ्यांची आहे?"

"माझ्याकडे बघतसुद्धा नाही. दुकानात आली की मामी, मामी. मी काय तिथे खांब आहे?"

बायकोनं ताट उचललं. "जळताय तुम्ही," ती म्हणाली. "आणि वास येतोय."

झालं ते एका बुधवारी दुपारी. सूनबाई दात दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ठिणगी शाळेतून आली, पडद्यामागे डोकावली, मामी नाही म्हटल्यावर येऊन बाकावर बसली. काकांनी सहज, अगदी सहज, एकदा हळूच आरवून बघितलं.

आणि पोरगी हसली!

काकांना वाटलं, दुकानात दिवा लागला. ते पुन्हा आरवले. ती खुदकन हसली. "बस फळीवर," ते म्हणाले, "तुला नवीन प्राणी दाखवतो." ती चढून बसली. स्वतः चढली, कुणी उचललं नाही. काकांनी गाढव केलं, बेडूक केला, शिंकणारी मांजर केली. पोरगी पोट धरून हसत होती, आरशात बघत होती, आणि तिच्या डाव्या कानामागे ती सुपारीएवढी गाठ होती. काकांचा हात कात्रीवर गेला. चाळीस वर्षांचा हात तो, त्याला विचारून थोडंच काही करायचं होतं. मांजर शिंकली, कात्री एकदाच मिटली, गाठ तळहातात. पोरीला कळलंसुद्धा नाही.

आता इथे थांबले असते तरी निभावलं असतं. गाठ कचऱ्यात टाकून गप्प बसले असते तर कधीतरी आंघोळीच्या वेळी आईच्या लक्षात आलं असतं, थोडी आरडाओरड झाली असती. पण मग जिंकलेलं कळणार कुणाला? काकांनी गाठ खिशात ठेवली आणि सूनबाईची वाट बघत बसले. ती गालावर हात धरून दारात आली, तशी त्यांनी ती खिशातून काढून तिच्यासमोर धरली.

"हे बघ. तुझे तीन महिने, आणि माझं अर्धं मिनिट. तिला कळलंसुद्धा नाही!"

सूनबाईनं गाठीकडे बघितलंच नाही. ती काकांच्या मागे बघत होती. काका वळले. ठिणगी फळीवरून त्यांच्या हाताकडे बघत होती. मग तिनं हात हळूच कानामागे नेला. तिथे बोटभर खुंट होते. ती बोटांनी ते चाचपत राहिली.

काकांना वाटलं होतं, किंचाळेल. ती किंचाळली नाही. आधी नुसती पांढरी पडली. नंतर जे झालं ते त्या दुकानानं कधी बघितलं नव्हतं. आरशासमोरच्या बाटल्या गेल्या, पावडरचा डबा गेला, कंगव्यांचा पेला गेला. सूनबाईनं टॉवेल पुढे केला तो तिनं तिच्याच तोंडावर फेकला. "तू पण कापशील! तुम्ही सगळे कापता!" आणि दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरून ती बाकाखाली शिरली. लेक येईपर्यंत बाहेर आली नाही. लेकीनंच तिला कसंबसं बाहेर ओढून घरी नेलं.

दुसऱ्या दिवसापासून ठिणगी कानटोपी घालून शाळेत जायला लागली, तीही उन्हाळ्यात. वर्गात कुणी मागून गेलं तरी दचकायची. एका मुलीनं टोपीला हात लावला म्हणून तिला चावली. तिसरी चिठ्ठी आली. फडकं नको, टॉवेल नको, मामी नको. दुकानात तर पायच ठेवायची नाही. शाळा सुटली की आता ती आजीकडे घरी यायची आणि पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीला डोकं टेकून बसायची, म्हणजे मागून कुणी येऊ शकत नाही.

सूनबाई काकांना एक शब्द बोलली नाही. तेही काकांना झोंबलं. भांडली असती तर दोन शब्द सुनावता तरी आले असते.

बोलली ती बायको. "तुम्हाला पोरगी नको होती," ती म्हणाली. "तुम्हाला सूनबाईवर मात करायची होती. पोरगी मधे सापडली."

"मी तिचं वाईट व्हावं म्हणून केलं का?"

"नाही. पण तिचं चांगलं व्हावं म्हणूनही केलं नाहीत."

काका दोन दिवस नुसते हिंडले. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून घरी आले आणि पलंगापासून चार हातांवर, ठिणगीला समोर दिसतील असे फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले. आरवले नाहीत, काही केलं नाही.

"मी तुला न विचारता कापले," ते म्हणाले. "तू हसत होतीस, आणि मी कापले. चुकलं माझं."

ठिणगी भिंतीला टेकलेली. "का कापले?"

थाप मारायला हरकत नव्हती. सहा वर्षांची पोर, तिला काय कळतंय! पण काकांना एकदम फार थकल्यासारखं झालं. "मामीवर जळत होतो," ते म्हणाले.

"जळत म्हणजे?"

"म्हणजे... तू तिच्याकडे जातेस ना, माझ्याकडे येत नाहीस. ते बघितलं की इथे पोटात आग होते. वाटतं, तिच्याजवळ आहे ते माझ्याजवळ का नाही. मग तिनं हरावं असं वाटतं."

ठिणगीनं विचार केला. "आत्ता पण होतंय?"

"आत्ता पण."

"किती?"

काकांनी दोन हात पसरून दाखवले. पसरले तेवढे पुरले नाहीत.

पोरगी पलंगावरून उतरली, न्हाणीघरात गेली आणि एक ओला टॉवेल ओढत घेऊन आली. सगळ्या घरभर पाणी. "पीळ," ती म्हणाली. काकांनी पिळला. लाजत पिळला, पण मग काय झालं कुणास ठाऊक, सगळे चार महिने त्या पिळण्यात आले. वहिनी आहेत ना, मामी मामी, आमच्या वहिनीनं, एकेक आठवत गेलं आणि पीळ बसत गेला, आणि टॉवेल टर्रकन मधोमध फाटला. ठिणगीनं दोन तुकड्यांकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "नवा होता तो!"

तेव्हापासून सगळं सुरळीत झालं, असं मात्र समजू नका. आग काही एका टॉवेलानं विझत नाही. पण ठिणगी पुन्हा दुकानात यायला लागली. आधी दारापर्यंत. मग बाकापर्यंत. सूनबाई तिला काही विचारायची नाही, काकाही नाही. एकदा गिऱ्हाइकाचा धक्का लागून तिच्या रंगांचा डबा सांडला. पोरगी ताठ झाली. काकांच्या घशात कोंबडा अगदी ओठांपर्यंत आला, तो त्यांनी गिळला. ठिणगी बादलीकडे गेली. तीन टॉवेल. मग येऊन रंग गोळा करायला बसली.

महिन्याभरानं एके दुपारी तिनं टोपी काढली. एका बाजूला केस खांद्यापर्यंत, दुसऱ्या बाजूला कानामागे खुंट. शाळेतली मुलं चिडवत होती. "मला सारखे करून पाहिजेत," ती म्हणाली. काकांचा श्वास अडकला. "मामी करेल," ती म्हणाली. काकांचा श्वास सुटला, पण कसा ते विचारू नका.

"आणि आजोबा, तू इथे उभा राहा. मला आरशात दिसशील असा. हात मागे."

काका पडद्याशी उभे राहिले. हात पाठीमागे एकमेकांत धरून. सूनबाई कापत होती, पोरगी थांब म्हणत होती, सूनबाई थांबत होती. मधेच पोरगी मान वळवून काकांचे हात बघत होती. तासभर! कात्रीचा आवाज ऐकून काकांची बोटं पाठीमागे आपोआप हलत होती. बाहेर दोन गिऱ्हाइकं वाट बघून निघून गेली. आणि पोटात ते होतंच. एकेका 'थांब'ला होत होतं.

शेवटी सूनबाईनं कपडा झटकला. ठिणगी स्टूलवरून उतरली आणि काकांसमोर येऊन उभी राहिली. "कसे झाले?"

काकांनी बघितलं आणि त्यांचं काळीज टुणकन उडालं. वाकडे होते! उजवी बाजू डावीपेक्षा चांगली बोटभर खाली. सूनबाईचा दोष नव्हता म्हणा, पोरगी सारखी मान वळवत होती. पण वाकडे ते वाकडेच. या दुकानात त्यांच्या बापाच्या वेळेपासून असं डोकं कुणी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. हा आनंद किती वाईट आहे हे त्यांना कळत होतं, आणि तरी तो थांबत नव्हता.

"छान झालेत," ते म्हणाले.

"खरं सांग."

पोरगी त्यांच्या डोळ्यांत बघत होती. खोटं सांगावं तर ती आरशात बघेल, आज नाही तर उद्या. खरं सांगावं तर आत्ता, इथे, वादळ. शिवाय ते खरं सांगताना सूनबाईला वाटणार, म्हाताऱ्यानं शेवटी साधलंच. काकांनी हात मागेच ठेवले.

"उजवीकडे बोटभर खाली आहेत," ते म्हणाले.

ठिणगीचा चेहरा लाल झाला. अंग ताठ झालं. कुणी हललं नाही. तिनं काकांच्या सदऱ्याचा घोळ दोन्ही मुठींत धरला आणि पिळला. पिळत राहिली. काका सदऱ्यासकट वाकले, गुदमरले, पण गप्प उभे राहिले. कितीतरी वेळानं मुठी सैल झाल्या.

"मग तू कर सरळ," ती म्हणाली.

काकांनी वर बघितलं. समोर सूनबाई उभी होती, हातात कात्री. हसायचा प्रयत्न करत होती, पण तिच्या तोंडावर जे आलं होतं ते काकांच्या चांगलंच ओळखीचं होतं. इतके महिने ते त्यांच्या पोटात राहायला होतं. तिनं इतके महिने जे जमवलं ते आता दुसरा कुणी घेऊन चालला होता. जळत होती बिचारी. या वेळी काकांनी बिचारी म्हटलं ते मनापासून.

आणि पोरीच्या या 'तू कर'ची तर काकांनी इतके दिवस वाट बघितली होती.

"सूनबाई, तुझीच कात्री दे," ते म्हणाले. "आणि कंगवा तू धर. मला एकट्याला जमायचं नाही."

सूनबाईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग कात्री दिली. ठिणगी तिच्याच स्टूलवर बसली, फळीवर नाही. सूनबाईनं कंगव्यानं केस धरले. काकांनी पहिला एकच काप घेतला.

"थांब."

काका थांबले. कात्री हवेत, उघडी. आतलं सगळं ओरडत होतं, आणखी दोन काप, संपलं, तिला कळणारही नाही. ते थांबून राहिले. पोरगी आरशात बघत राहिली, घाई नसल्यासारखी.

"आता कर."

दुसरा काप. "थांब." तिसरा. "थांब."

मग ती स्टूलवरून उतरली. "बास. उरलेलं उद्या."

"अगं, दोनच काप राहिलेत," काकांच्या तोंडून गेलं.

"उद्या."

काकांनी कात्री सूनबाईच्या हातात दिली. ठिणगीनं दप्तर घेतलं. अर्धं डोकं सरळ, अर्धं वाकडं, टोपी दप्तरात कोंबलेली, अशी ती दाराशी गेली. बाहेर भर रस्ता, समोरचा सलूनवाला दारातच उभा, तो बघणार, उद्या सगळ्यांना सांगणार. काका पुढे झाले आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.